आधी देठ

आमचे ड्रॉइंगचे सर मला पहिल्यांदा दिसले ते फूलचोर म्हणून पकडले गेलेले. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात मी मेंदी काढायला गेले होते. सकाळचे साडेसात वाजले होते, नवरी अजून आंघोळीला गेलेली, म्हणून मी व्हरांड्यात बसून कोन भरत होते. तेवढ्यात बंगल्याच्या बाई तरातरा फाटकाकडे गेल्या. कंपाउंडबाहेर झुकलेल्या जास्वंदीखाली साठी ओलांडलेला एक माणूस उकिडवा बसला होता. पायात कारखान्यातले जाड काळे बूट, कानावर पेन्सिल आणि खांद्याला कापडी पिशवी.

ज्यांच्या दारात जास्वंद आहे त्यांना सांगायला नको, सकाळी फिरायला निघणारी मंडळी सोबत पिशवी का घेतात ते. एका फेरीत तब्येत आणि पूजा, दोन्ही उरकतं. शिवाय दुसऱ्याच्या झाडाचं फूल देवाला जास्त आवडतं, अशी बऱ्याच जणांची खात्रीच असते.

"रोज फुलं जातात. आज सापडलात," बाई म्हणाल्या. "पिशवी दाखवा."

त्यांनी निमूटपणे पिशवी उलटी केली. एक लाकडी पाटी, कागद, तीन पेन्सिली, ब्लेड, एक केळं आणि लांब दांडीचा छोटा गोल आरसा. फूल एकही नाही.

"फुलं कुठायत?"

"झाडावर आहेत. नऊ आहेत, मोजून घ्या."

"मग आरसा कशाला?"

"मागून बघायला," ते म्हणाले. "हात लावला की फूल हलतं. म्हणून खाली आरसा धरायचा."

मशीनच्या खालच्या बाजूचा बोल्ट बघायला कारखान्यात असा आरसा वापरतात, हे मला नंतर कळलं. बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या, पण कुतूहल कुणाला सुटलंय. त्या वाकल्या आणि त्यांनी आरशात पाहिलं. लाल पाकळ्यांच्या मागे हिरवा पेला असतो आणि त्या पेल्याखाली बारीक पानांचं आणखी एक कडं असतं. इतकी वर्षं त्या झाडाला पाणी घालत होत्या, पण ते कडं त्यांनी पाहिलं नव्हतं. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि आतून खुर्ची आणायला सांगितली.

मीही जाऊन बघून आले. सरांनी माझ्या हातातल्या कोनाकडे पाहिलं. "दर रविवारी शिकवतो. सिडकोत. फक्त फुलं," ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्या मुलीला पाठवते. ते म्हणाले, "मुलांना नाही शिकवत. त्यांना परीक्षेला बसवायचं असतं, आणि मला घाई जमत नाही."

मी तेव्हा बारा वर्षं मेंदी काढत होते. आमच्या घरात मुख्य कमावता हात माझाच, आणि तो जलद म्हणून प्रसिद्ध. लग्नघरी मी नवरीचे हात करायचे आणि माझी नणंद पाहुण्यांचे. पण मुली फोनवर रोज नवं डिझाइन दाखवायला लागल्या होत्या. म्हटलं, चार रविवार जाऊ, चार नवी फुलं शिकून येऊ. ते चार रविवार पुढे दोन वर्षं चालले.

वर्ग त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भरायचा. निवृत्त पोस्टमास्तर, औषधाच्या दुकानाचे मालक, दोन शिक्षिका, असे आम्ही आठ जण. सुरुवातीलाच एक स्टीलचा डबा ठेवलेला असे. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे आम्ही आपापले खोडरबर त्यात टाकायचे. फरक इतकाच की चपला परत मिळतात. "खोडता येतं म्हटलं की माणूस नीट बघत नाही," सर म्हणायचे. तो डबा आता माझ्याकडे आहे, पण ते पुढचं.

पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, "जास्वंद काढा. आठवून."

मी अर्ध्या मिनिटात काढली. शेजारच्या शिक्षिका माझ्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोला. सर सावकाश फिरत आले. प्रत्येकाच्या कागदापाशी थांबून त्यांनी एकच विचारलं, "हे कशावर उभं आहे?"

आठांपैकी एकानंही देठ काढला नव्हता. आठ जास्वंदी आठ कागदांवर अधांतरी लोंबकळत होत्या. पोस्टमास्तर म्हणाले, "सर, आमच्याकडे फुलं पुडीत येतात."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. सर मात्र विचारात पडले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पुडीतलं, हारातलं, तोरणातलं. आपल्याला फूल भेटतं ते खुडलेलंच. देठ फुलवाल्याकडेच राहतो. म्हणून आता आधी देठ."

आणि मग तीन महिने देठ. तगरीचा देठ, गुलाबाचा देठ, कण्हेरीचा देठ. मी घरी कागद घेऊन यायचे आणि नणंद विचारायची, "वहिनी, आज पण काड्याच का?"

"हे कशावर उभं आहे?" हा प्रश्न सरांनी फुलापुरता ठेवला नव्हता. निवडणुकीतल्या भाषणांना ते तोच विचारायचे. माझ्या मुलीनं अभ्यासाचं भलंमोठं वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. सर एकदा घरी आले तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि शांतपणे तेच विचारलं. तिनं ते दुसऱ्या दिवशी काढून टाकलं.

सर सातपूरच्या एका पंपाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी गुलाबांचा गुच्छ दिला. घरी आल्यावर करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी तो गुच्छ काढायला घेतला आणि पहिल्याच गुलाबापाशी अडले. "पंपाचा प्रत्येक पार्ट मला डोळे मिटून काढता यायचा," ते सांगायचे. "पण गुलाब देठाला कुठं आणि कसा जोडलेला असतो, ते मला ठाऊक नव्हतं. साठाव्या वर्षी." त्यांनी तो गुच्छ सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला. मुलीला वाटलं, वडिलांना नोकरी सुटल्याचा धक्का बसला.

कारखाना सुटला पण बोलीतून गेला नाही. पाकळी नीट बसली नाही की ते म्हणायचे, "हा जॉइंट ढिला आहे." पाचही पाकळ्या सारख्या काढल्या की, "एका साच्यातल्या नाहीत ह्या." आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ते एक चौकट आखायला लावायचे. तिच्यात दोन ओळी. एक 'काढलं' आणि दुसरी 'तपासलं'. 'काढलं'पुढे आपलं नाव आपण लिहायचं. 'तपासलं'पुढे ते सही करायचे, पण ड्रॉइंग बरोबर असेल तरच. दोन वर्षांत माझ्या वाट्याला त्या तीन सह्या आल्या. पोस्टमास्तरांना एकच मिळाली होती, ती त्यांनी फ्रेम करून घेतली.

रंग अकराव्या महिन्यात आले, आणि तेही आम्हाला हवे तसे नाहीत. आम्ही डब्यातले बारा रंग घेऊन बसलो, तर सरांनी समोर तगर ठेवली. पांढरी. कागदही पांढरा.

"पांढरा रंग कुठला वापरू?" औषधवाल्यांनी विचारलं.

"कुठलाच नाही. फुलाच्या मागचं काढा. हिरवं, सावलीतलं, जे दिसेल ते. फूल आपोआप उरेल." दुपारपर्यंत आम्ही पानं आणि सावल्या भरत होतो. शेवटी कागदावर हात न लावलेली एक तगर उरली. ती मी काढलेली नव्हती आणि तरी माझीच होती. त्या दिवशी मला उगाचच रडू येत होतं.

मांडणीवरून मात्र आमचं वाजलं. त्यांनी अख्ख्या कागदावर एकच कण्हेर काढायला सांगितली, तीही डाव्या बाजूला. मी म्हटलं, "सर, एवढी जागा मोकळी?" ते म्हणाले, "फुलाचं तोंड तिकडे आहे. तोंडासमोर भिंत कशाला बांधता?" मी म्हटलं, मेंदीत असं चालत नाही, जागा सोडली तर लोक विचारतात, कोन संपला का. सर त्यावर हसले नाहीत. त्यांनी माझा तळहात बघायला मागितला आणि म्हणाले, "चांगला कागद आहे. भरून टाकू नका."

आणि इथेच माझं बिनसलं. दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत इंदिरानगरच्या एका लग्नात मी नवरीच्या तळव्यावर कमळ काढायला घेतलं. हजारदा काढलेलं कमळ. दुसऱ्या पाकळीपाशी हात थांबला. ही पाकळी कुठून निघते? हे कशावर उभं आहे? मी बघत राहिले आणि कोनातून मेंदी गळून डाग पडला. एका हाताला साडेतीन तास लागले. नवरीची मान अवघडली. नणंदेला एकटीला पाहुणे आवरेनात, दहाबारा बायका हात न रंगवताच घरी गेल्या. नाशिक काही फार मोठं गाव नाही. आठवड्यात बातमी फिरली, तिचा हात गेला म्हणे. दोन लग्नं रद्द झाली. अख्ख्या सीझनमध्ये हातात एकच उरलं, देवळ्याचं.

पुढच्या रविवारी मी वर्गात बसले नाही. उभ्यानंच बोलले. "सर, तुमच्यामुळे माझा हात गेला. माझं घर ह्या हातावर चालतं. ते कशावर उभं आहे, हे विचारा ना आता."

सरांनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली.

"हात गेलेला नाही," ते म्हणाले. "इतके दिवस तो पाठ म्हणत होता. आता वाचायला लागलाय. वाचायला लागलं की पहिल्यांदा अडखळायला होतंच." मग जरा थांबून म्हणाले, "पण ते किती दिवस, हे मला सांगता येणार नाही. मी शिकलो तेव्हा माझ्यावर कुणाचं पोट नव्हतं. तुमच्यावर आहे. वर्ग सोडलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

मी सोडला. निघताना डब्यातला माझा खोडरबरही मागितला नाही, इतका राग होता.

देवळ्याला आम्ही फेब्रुवारीअखेर गेलो. घर गावाबाहेर मळ्यात होतं. नवरी नाशिकला बी.एस्सी. झालेली, बोलकी मुलगी. तिनं फोनवर डिझाइन दाखवलं. डोली, मोर, नवरा-नवरीचे चेहरे, आणि सुई ठेवायला जागा नाही. हे लग्न बिघडलं असतं तर पुढच्या वर्षी मला कुणी दारात उभं केलं नसतं. एका कोनाची गरज असताना नणंदेनं माझ्यापुढे चार ठेवले.

हात धुवायच्या निमित्तानं मी मागच्या दारी गेले. मागचं सगळं शेत पांढरं होतं. बियाण्यासाठी कांदा पुन्हा जमिनीत लावतात, त्याला कमरेइतका दांडा येतो आणि वर चेंडूएवढा पांढऱ्या फुलांचा गोंडा. तिकडे त्याला डोंगळा म्हणतात. मी आयुष्यभर कांदा चिरला, पण त्याला फूल येतं हे कधी पाहिलं नव्हतं. कांदाही शेवटी पुडीतलाच. सवयीनं मी खाली बसले आणि मागून पाहिलं. शेकडो बारीक फुलं, प्रत्येकाला स्वतःचा नाजूक देठ, आणि ते सगळे देठ एकाच ठिकाणाहून निघालेले. खालचा दांडा सरळसोट नव्हता. बुडाशी बारीक, मध्ये फुगलेला, वर पुन्हा निमुळता. बोटानं दाबला तर आत पोकळ.

मला शोधत नवरी मागे आली होती. ती म्हणाली, "मधमाश्या कमी झाल्यात ना, मग आम्हीच माश्या होतो. रोज सकाळी मी आणि पप्पा ओळीनं गोंड्यांवरून हात फिरवत जातो. ह्याचा पराग त्याला. नाहीतर बी धरत नाही." तिनं तळवे पुढे केले. "शाळेत असल्यापासून. ह्या वर्षी बी निघायच्या आधीच मी जाणार."

मी त्या तळव्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हेच काढू का?"

ती लगेच हो म्हणाली. आत जाऊन मी कोन टेकवला, तोच तिची आत्या म्हणाली, "अवो ताई, कांदा काढता का पोरीच्या हातावर? वऱ्हाडातली लोकं लय हसतील."

"कांदा नाही आत्या, डोंगळा," नवरी म्हणाली. "काढा तुम्ही."

मी आधी देठ काढला. कोपराच्या जरा खालून निघालेला, मध्ये फुगत आलेला, मनगटापाशी निमुळता झालेला. तळव्यावर जाड कोनानं गोल भरला आणि त्यात बारीक फुलं कोरी सोडली, कातडीच्या रंगाची. पांढऱ्याच्या मागचं काढलं, फुलं उरली. गोंडा एका बाजूला, बाकी तळवा मोकळा. आणि हात उलटा करून मागच्या बाजूला तेच फूल मागून काढलं, एका ठिकाणाहून निघालेल्या सगळ्या देठांसकट. दोन्ही हात दोन तासांत झाले. उठले तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, झालं?" आणि पाहुण्यांचे निम्मे हात मीच रंगवले.

तरी धाकधूक होतीच, कारण मेंदीचा रंग आपण लावत नाही, तो सकाळी येतो. सकाळी तो आला, चांगला गडद. नवरीचे वडील चहा प्यायला ओसरीवर बसले होते. मुलीनं हात पुढे केले. ते बघत राहिले.

"हाऊ ते आपला डोंगळा शे," ते मुलीला घरच्या बोलीत म्हणाले. त्यांनी तिचा हात उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, उद्यापासून माझ्यासंगं गोंड्यांवरून हात कोण फिरवील, तेच डोक्यात चालू होतं चार दिस." आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मग त्यांनीच प्रत्येक पाहुणीला तो हात दाखवत नवरीला फिरवलं.

रविवारी मी फोटो छापून घेऊन वर्गात गेले. मधल्या पाच आठवड्यांत सरांना फोनही केला नव्हता. त्यांनी फोटो घेतला, देठापासून वर बघत गेले. बराच वेळ पाहिल्यावर विचारलं, "मागून?"

मी दुसरा फोटो पुढे केला.

त्यांनी फोटोच्या पाठीवर चौकट आखली, 'काढलं'पुढे माझं नाव लिहिलं. 'तपासलं'पाशी पेन्सिल थांबली. "हे फूल मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "न पाहिलेलं कसं तपासू? देवळ्याची बस कितीला आहे?"

गुरुवारी आम्ही देवळ्याच्या शेतात होतो. सर त्या जाड बुटांसकट ओळीत खाली बसले आणि आरसा काढला. नवरीचे वडील काळजीनं म्हणाले, "काय हरवलं का, सर?" सर म्हणाले, "नाही, तुमचं चालू द्या." अर्ध्या तासानं उठले, आणि फोटो आणि पेन्सिल थेट त्यांच्याच हातात दिली. "'तपासलं'पुढे तुम्ही सही करा. फूल तुमचं आहे." त्या माणसानं सदऱ्याला हात पुसले आणि बँकेत करतात तशी जपून सही केली.

मग सर बांधावर बसले आणि स्वतः डोंगळा काढायला लागले. तासभर त्यांची मान वर झाली नाही. संपल्यावर त्यांनी कोपऱ्यात चौकट आखली, 'काढलं'पुढे आपलं नाव लिहिलं आणि कागद पेन्सिलीसह माझ्याकडे सरकवला. "तपासा."

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते सरळ माझ्याकडे बघत होते. वर्गात आम्ही बघायचो, तसेच.

गोंडा असा की मला जन्मात जमला नसता. एकेक बारीक फूल आपापल्या देठावर नीट बसलेलं. सही करायलाच घेतली होती, पण सवयीनं नजर खाली उतरली. दांडा बुडापासून वरपर्यंत एका जाडीचा. दोन सरळ रेघा, पट्टीनं आखाव्यात तशा. तेहतीस वर्षं पंपाचे पाइप काढलेल्या हातानं इथंही पाइप काढला होता. शेवटी मी त्यांचंच वाक्य त्यांना विचारलं.

"सर, हे कशावर उभं आहे?"

त्यांनी कागद पाहिला. आरशाकडे हात नेला आणि तो तसाच ठेवून दिला. झाडावरच्या फुलाला कधी हात न लावणाऱ्या त्या माणसानं समोरच्या डोंगळ्याचा दांडा दोन बोटांत धरला, बुडापासून बोटं वर नेली, आणि फुगीर जागेपाशी ती थांबली. मग ते हसायला लागले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

"खोडरबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या डब्यात आहे," मी म्हटलं.

हल्ली सर मुलीकडे कोल्हापूरला असतात. फोन करतात तेव्हा पहिली चौकशी कुठल्या झाडाला काय आलंय ह्याची, मग माझी. लग्नाच्या मुली आता मला आपल्या दारातली फुलं दाखवतात आणि तीच काढा म्हणतात. पार्किंगमधला वर्ग मी चालवते. पोस्टमास्तर अजून येतात.

त्या दिवशी बांधावर सरांनी नवा कागद घेतला आणि देठापासून सुरुवात केली. पहिला कागद मी मागून घेतला, त्यावर सही केली नाही. दुसऱ्यावर केली.